भाड्याने द्यायला जुना फ्लॅट घेतला आहे. आधी किचन नवं करू की नळ-वायरिंग?

आधी नळ, वायरिंग आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग; किचन पैसे उरले तर. भिंतीतल्या पाइपची गळती टाइल्स बसवल्यावर लक्षात आली, तर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात आणि एकाच कामाचे पैसे दोनदा जातात. भाड्याच्या घरांची देखभाल बघणं हेच माझं काम आहे. तक्रारी येतात त्या ओल, पाण्याचा कमी दाब आणि सारखा पडणारा एमसीबी (जास्त लोड आला की वीज आपोआप तोडणारा स्विच) यांच्या. कॅबिनेटचा रंग जुना आहे म्हणून घर सोडणारा भाडेकरू क्वचितच. बाथरूमची फरशी काढलीच, तर वॉटरप्रूफिंग वाळल्यावर किमान २४ तास पाणी भरून ठेवा, खालच्या मजल्याच्या छताला ओल येत नाही ना हे स्वतः जाऊन बघा, मगच टाइल्स. ठेकेदार घाई करेलच, करू द्या. भिंती बुजवण्याआधी पाइप आणि वायरींचे फोटोही काढून ठेवा, पुढे ड्रिल मारताना उपयोगी पडतात. पाइप-वायरिंग अलीकडेच बदललेलं असेल आणि तुम्ही नेमलेल्या (विकणाऱ्याच्या नव्हे) प्लंबर-इलेक्ट्रिशियनने ते तपासलं असेल, तर मात्र थेट किचनपासून सुरुवात करायला हरकत नाही.