फवारायच्या आधी पान उलटून बघा : मित्रकीटकांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात भाजीपाल्यातल्या मित्रकीटकांवर थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे जे किडे आपल्या पिकाला न खाता पिकावरच्या किडींना खातात त्यांच्यावर. त्यानंतर प्रश्नांचा ओघच लागला. बहुतेक सगळे अर्धा-एक एकरवाले शेतकरी आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि इथे पाच घेतलेत.

प्रश्न : पलूसजवळ आमची वीस गुंठे वांगी आहेत. शेंड्यांवर मावा आलाय आणि त्या माव्यातच काळपट राखाडी, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या लांबट अळ्या फिरतायत, छोट्या मगरीसारख्या दिसतात. औषधवाल्या दुकानदाराला फोटो दाखवला तर म्हणाला नवीन कीड आहे, आजच फवारा. काय करू?

ताई, फवारू नका. ती लेडीबर्डची, म्हणजे ढालकिड्याची अळी आहे आणि ती तुमचा मावा खायलाच आलीय. मोठा झालेला लाल ठिपक्याठिपक्यांचा ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो, पण त्याची पिल्लं तशी अजिबात दिसत नाहीत, त्यामुळे दरवर्षी कितीतरी शेतात लोक स्वतःच्याच बाजूच्या किड्यावर पैसे खर्चून औषध मारतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. एक अळी मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा खाते.

पण वांग्यात एक भानगड आहे, ती नीट समजून घ्या. ढालकिड्यांच्याच कुळातला एपिलॅक्ना नावाचा एक भुंगेरा वांग्याचं पान खातो. तो तांबूस-विटकरी रंगाचा, अंगावर बारीक लव असल्यामुळे चकाकी नसलेला, आणि पाठीवर भरपूर काळे ठिपके. त्याची अळी पिवळी आणि काटेरी असते. तुमची काळपट आहे, माव्याच्या मध्ये फिरतेय, म्हणजे ती मित्र. शंका आली तर किडा सोडा आणि पान बघा, एपिलॅक्ना पान असं खरवडतो की शिरांची जाळी तेवढी उरते. जाळी असेल तर त्याची अंडी आणि अळ्या हाताने वेचून काढा, वीस गुंठ्यात ते जमतं.

अजून काय काय दिसेल ते सांगते. पानाच्या मागे केसाएवढ्या बारीक देठावर एकेक अंडं उभं असेल तर ते क्रायसोपाचं, त्याची अळी मावा, तुडतुड्यांची पिल्लं, फुलकिडे असं बरंच काही खाते. माव्याच्या घोळक्यात काही मावे फुगून गोल, सोनेरी-तपकिरी झालेले आणि जागेवरून न हलणारे दिसले तर त्यांच्या आत बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय, ती बाहेर पडली की त्या कवचाला गोल भोक दिसतं. अशी भोकं दिसायला लागली म्हणजे काम जोरात सुरू आहे.

आता मुख्य गोष्ट. मित्रकीटक नेहमी किडीच्या मागून येतात, कारण खायला काही असल्याशिवाय ते येणार कशाला. मावा दिसायला लागला की पुढचे आठ-दहा दिवस मावा वाढतोय, मित्र दिसत नाहीत असं वाटतं आणि नेमकं तेव्हाच आपण फवारतो. मावा नराशिवायच पिल्लं घालतो, आठवड्याभरात ती पिल्लंही पिल्लं घालायला लागतात, त्यामुळे वाचलेला मावा लगेच पुन्हा भरतो, पण ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात, म्हणजे फवारणीत मार बसतो तो त्यालाच. म्हणून दर दोन दिवसांनी तीच वीस-पंचवीस झाडं बघा, मित्र वाढतायत आणि मावा थांबलाय असं दिसलं तर काहीच करू नका. मावा पुढेच पळतोय असं वाटलं तर फक्त भरलेले शेंडे खुडा किंवा तेवढ्याच झाडांवर ५ टक्के निंबोळी अर्क मारा. आणि मुंग्या बघा! माव्याच्या गोड चिकट पाण्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावून लावतात, मुंग्यांची रांग असेल तर मित्र कितीही आले तरी त्यांचं चालत नाही.

वांग्यातली शेंडे आणि फळं पोखरणारी अळी मात्र आत बसलेली असते, तिच्यापर्यंत फारसं कुणी पोचत नाही. तिथे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे) आणि सुकलेले शेंडे दर आठवड्याला कापून शेताबाहेर नेऊन नष्ट करणं हेच मुख्य काम, आणि ते आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून केलं तर जास्त उपयोगाचं.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतो. सल्ला मिळाला म्हणून ट्रायकोकार्ड आणून लावली, तरी फळ पोखरणारी अळी आलीच. पैसे पाण्यात गेले. ही कार्डं खरंच चालतात का?

दादा, चालतात, पण कधी लावली आणि त्यानंतर काय फवारलं ते तुम्ही लिहिलं नाही आणि सगळं त्याच्यावरच आहे.

कार्डातून बाहेर पडते ती ट्रायकोग्रामा ही डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी गांधीलमाशी, मिलिमीटरपेक्षाही लहान. ती अळीला काहीही करत नाही. ती पतंगाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, ते अंडं तीन-चार दिवसांत काळं पडतं आणि त्यातून अळीच्या ऐवजी हीच बाहेर येते. म्हणजे फळाला भोक दिसल्यावर कार्ड लावलं तर वेळ निघून गेलेली असते. टोमॅटोवरच्या हेलिकोव्हर्पाचं, म्हणजे आपल्या घाटे अळीचं अंडं तीन-चार दिवसांतच फुटतं, आणि तिची मादी एकेक अंडं सुटं घालत जाते, तेही रोज, म्हणून एकदा कार्ड लावून भागत नाही. फुलं लागायला लागली आणि कामगंध सापळ्यात पतंग पडायला लागले की पहिली कार्डं, मग दर आठवड्याला, चार-पाच वेळा तरी. एका कार्डावर ट्रायकोग्रामाचं पिल्लू आत असलेली साधारण २० हजार अंडी चिकटवलेली असतात, एकरी दोन-तीन कार्डं धरा.

लावायची पद्धत पण महत्त्वाची. कार्ड कापून पट्ट्या करायच्या आणि शेतभर पसरून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करायच्या, ऊन लागलं नाही पाहिजे, आणि संध्याकाळी लावायच्या. घरी ठेवायची वेळ आली तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एसटीच्या टपावर किंवा बंद गाडीत उन्हात आलेलं कार्ड बहुतेक मेलेलंच असतं. आणि कार्ड लावल्यावर आठवडाभर कीटकनाशक नको, आधीचंही जहाल औषध आठ-दहा दिवस पानावर असतंच हे लक्षात घ्या.

तरी काही अंडी निसटणारच, मग त्या बारीक अळ्यांवर एचएएनपीव्ही हा घाटे अळीला मारणारा विषाणू फवारायचा, संध्याकाळीच, कारण उन्हात तो टिकत नाही, आणि अळी लहान असतानाच. शिवाय पुढच्या लागवडीला दर सोळा ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची एक ओळ ठेवून बघा, झेंडूची रोपं ४० दिवसांची आणि टोमॅटोची २५ दिवसांची असं एकाच वेळी लावायचं म्हणजे दोघांची फुलं जुळतात आणि पतंग झेंडूवर अंडी घालायला जातो.

पानात नागमोडी किंवा मोठे पांढरे फोड करणारी अळी असेल तर ती वेगळी. टुटा ॲबसोल्युटा ही परदेशातून आलेली नागअळी २०१४ मध्ये आपल्याकडे पुणे भागात सापडली. तिच्यासाठी कामगंधाची ल्युअर, म्हणजे सापळ्यात ठेवायची वासाची गोळी, वेगळी लागते, हेलिकोव्हर्पाची चालत नाही, दुकानात नाव घेऊन मागा.

प्रश्न : शहापूरला भेंडी आहे, पांढऱ्या माशीमुळे पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. आठवड्याला दोनदा फवारतो. मित्रकीटक सोडले तर रोग थांबेल का?

नाही थांबणार, खोटी आशा कशाला दाखवू. हा यलो व्हेन मोझॅक विषाणूचा रोग, आणि तो पसरवायला थोड्याशा पांढऱ्या माश्याही पुरतात. मित्रकीटक किडीची संख्या कमी करतात, ती शून्यावर आणत नाहीत. तुम्हाला सहनशील वाण लागेल, सुरुवातीच्या महिन्यात पिवळं पडलेलं झाड दिसलं की लगेच उपटायचं आणि बांधावरचं तण काढायचं. परभणी क्रांती, अर्का अनामिका हे वाण आले तेव्हा या रोगाला चांगले टिकायचे, नंतर बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावरही रोग यायला लागला, तेव्हा तुमच्या भागात सध्या काय टिकतंय ते कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच बियाणं घ्या.

पण ती दोनदाची फवारणी बंद करा. त्यात सायपरमेथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड गटातलं काही असेल तर पांढरी माशी आणि पानाचा रस शोषणारे बारीक कोळी उलट वाढतात, कारण त्यांना खाणारे आधी मरतात.

प्रश्न : परदेशातून मित्रकीटक आणतात असं वाचलं. ते उद्या आपलीच पिकं खायला लागले तर?

भीती रास्त आहे, म्हणूनच हे काम कुणीही उठून करत नाही. पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं उदाहरण सांगते. मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा हा ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला सापडला, सोबत त्याचा शत्रू आला नव्हता, त्यामुळे पपई, तुती, टॅपिओका, वांगी, जे मिळेल त्याच्यावर तो पसरला, आपल्याकडे पुण्यापर्यंत आला. औषध त्याच्या मेणाच्या थराखाली नीट पोचत नाही. शेवटी बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने २०१० मध्ये पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी ही बारीक गांधीलमाशी आणली, आधी बंदिस्त जागेत तपासली, ती दुसऱ्या उपयोगी किड्यांवर जात नाही ना ते पाहिलं आणि मगच सोडली. पुढे ती स्वतःच पसरत गेली आणि ढेकूण आटोक्यात आला. ही माशी पान खाऊच शकत नाही, तिचं पिल्लू ढेकणाच्या अंगातच वाढतं.

पिठ्या ढेकणाबद्दल अजून एक, क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा त्याला खातो पण त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांची असते, अगदी ढेकणासारखी. काडीने डिवचा, भराभर पळाली तर ती क्रिप्टोलीमस, ढेकूण फार हळू सरकतो.

प्रश्न : पुरंदरला अर्धा एकर कोबी. शेजारी सारखे फवारतात. मी एकट्याने हे करून काय होणार?

पूर्ण फायदा नाही मिळणार पण बराच मिळेल. शेजाऱ्याच्या बाजूने मक्याच्या तीन-चार दाट ओळी लावा, औषधाचा फवारा थोडा अडतो आणि मित्रांना लपायला जागा होते.

कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने औषधं पचवायची सवय फार पूर्वीच लावून घेतली, जावा बेटावर १९५३ मध्येच डीडीटीला तो दाद देईनासा झाला होता. तेव्हा शेजाऱ्यांची फवारणीसुद्धा फार दिवस चालणार नाही. तुम्ही कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी ठेवा, एक कोबीच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी पेरा म्हणजे मोहरी सतत कोवळी राहते. पतंग मोहरीवर अंडी घालतो, तेव्हा फवारायचं ते मोहरीवरच. कोबीवर गरज पडलीच तर बीटी, म्हणजे जिवाणूपासून बनवलेलं औषध, त्याने अळीच मरते, बाकीच्यांना त्रास नाही.

पानावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष दिसले आणि बाजूला मरगळलेली अळी पडलेली असली तर ते कोष कोटेशियाचे, तेही मित्र. अशी पानं तोडू नका, गड्डे काढून झाल्यावरही शेताच्या कडेला तशीच पडू द्या. आणि ट्रायकोकार्ड, बीटी, एनपीव्ही हवं असेल तर कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळा आणि काही कृषी विज्ञान केंद्रं तयार करतात, पण आदल्या दिवशी मागून मिळत नाही, दोन आठवडे आधी मागणी नोंदवा आणि कार्डावर माश्या बाहेर पडायची तारीख लिहिलेली आहे का ते बघूनच घ्या.