वेब पत्त्यातून डोमेन काढता आलं नाही, म्हणून डेटाचं क्षेत्र सोडू का?

प्रश्न : मी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपच्या मुलाखतीत मला वेब पत्त्यांची यादी दिली आणि प्रत्येकातलं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, वेगळं काढायला सांगितलं. मी स्लॅशवर स्प्लिट करून तिसरा तुकडा घेतला. बऱ्याच पत्त्यांवर उत्तर चुकलं. रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायची सांकेतिक भाषा) मला पाठ नव्हतं. एवढं साधं जमत नसेल तर डेटा इंजिनीअर व्हायचा नाद सोडू का? आणि अशा बारीकसारीक कामाला पुढे काही किंमत असते का?

उत्तर : नाद सोडू नकोस. रेजेक्स पाठ करायच्या मागेही लागू नकोस, कारण अडलं ते तिथे नाही.

तुझी युक्ती सरळ पत्त्यावर चालते. पण ‘एचटीटीपीएस://एक्झाम्पल.कॉम?पान=२’ हा पत्ता घे. इथे डोमेननंतर स्लॅशच नाही, थेट प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे तुझ्या तिसऱ्या तुकड्यात ‘एक्झाम्पल.कॉम?पान=२’ असं सगळं लटांबर येणार. पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) दिलेला असेल तर ‘:८०८०’ मागे चिकटून येईल. आणि ‘बँक.कॉम@दुसरंच.कॉम’ असं लिहिलेलं असेल तर? ब्राउझर जातो ‘ॲट’च्या चिन्हानंतरच्या नावाकडे; आधीचा भाग युजरनेम समजला जातो. लोकांना फसवणाऱ्या लिंक अशाच बनवतात. तुझ्या प्रोग्रामला इथे नेमकं कोणतं नाव उचलायचं हे कळायला हवं, आणि त्यासाठी आधी ते तुला माहीत असायला हवं.

पत्त्याची रचना ठरलेली आहे : स्कीम (‘एचटीटीपीएस’सारखी सुरुवात), ऑथॉरिटी (होस्ट म्हणजे साइटचं नाव, सोबत असल्यास युजरनेम आणि पोर्ट), पाथ (साइटमधल्या पानाची वाट), क्वेरी (प्रश्नचिन्हानंतरचा भाग), फ्रॅगमेंट (‘#’ नंतरचा भाग). जानेवारी २००५ मध्ये आलेल्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात ती लिहून ठेवली आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली त्याच्या लेखकांपैकी एक. एका संध्याकाळी शांतपणे बसून त्याचं तिसरं प्रकरण वाच. पत्ता तोडायचं रेजेक्सही त्याच्या परिशिष्टात आयतं दिलंय. म्हणून पाठांतराची मला काळजी वाटत नाही. वाचायचा कंटाळा असेल तर मात्र वाटेल.

रोजच्या कामात हे कोणी हाताने तोडत बसत नाही. पायथॉनमध्ये ‘यूआरएलस्प्लिट’ आहे, जावास्क्रिप्टमध्ये ‘यूआरएल’ हा ऑब्जेक्ट आहे. त्यांनाही खोड्या आहेत. पायथॉनला स्कीमशिवाय नुसतं ‘एक्झाम्पल.कॉम/बातम्या’ दिलंस तर तो होस्ट रिकामा ठेवतो आणि सगळं पाथमध्ये टाकतो. एररही येत नाही! त्याच्या उत्तरातलं ‘नेटलोक’ घेतलंस तर पोर्ट सोबत येतो, ‘होस्टनेम’ घेतलंस तर येत नाही, शिवाय अक्षरं स्मॉल लिपीत मिळतात. देवनागरी पाथ असेल तर एकट्या ‘क’चे तीन बाइट होतात आणि प्रत्येकाआधी टक्क्याचं चिन्ह बसतं. ते उलगडायचं असेल तर आधी पत्ता तोड, मग डीकोड कर. उलटं केलंस तर पाथच्या नावात लपलेला स्लॅश उघडा पडून तुकडेच चुकतात.

किंमतीचं म्हणशील तर ‘पत्ते तोडणारा’ अशी नोकरी नसते, पण हे काम जागोजागी लागतं. कोणत्या जाहिरातीवरून माणूस आला हे क्वेरीतल्या ‘यूटीएम’ नावाच्या, माग काढायच्या खुणांवरून काढतात. सर्च इंजिनचा क्रॉलर (पानं गोळा करणारा प्रोग्राम) एकच पान दोनदा उचलू नये म्हणून पत्ते एकसारखे करून घेतो. सायबर सुरक्षेत संशयास्पद लिंक होस्टवरून तपासतात. तुझ्या पत्रावरून तुला स्वच्छ, बरोबर डेटा हवासा वाटतो हे दिसतं, म्हणून डेटा इंजिनीअरिंगचा विचार पक्का ठेव. सुरक्षेचीही थोडी ओळख करून घे.

आता एक छोटा प्रोजेक्ट कर. वाकडेतिकडे पत्ते मुद्दाम गोळा कर : स्कीम नसलेले, पोर्टचे, नावाऐवजी आयपी क्रमांकाचे, क्वेरीच्या पोटात दुसरा पत्ता असलेले, चुकून स्पेस राहिलेले. प्रत्येकापुढे अपेक्षित उत्तर आधी हाताने लिही, मग कोड लिही. हे टेस्टसकट गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेव. पुढच्या मुलाखतीत दाखवायला यापेक्षा चांगलं काही सुचत नाही, कारण तुझा विचार त्यात दिसतो.

आणि पुन्हा असा प्रश्न आला तर कोडला हात लावण्याआधी विचार, ‘तुम्हाला पूर्ण होस्टनेम हवंय की नोंदणी केलेलं डोमेन?’ ‘न्यूज.एक्झाम्पल.को.यूके’ मधले शेवटचे दोन तुकडे घेतलेस तर हाती फक्त ‘को.यूके’ लागतं. कुठला शेवट असा सामायिक आहे हे नियमाने ठरत नाही, त्यासाठी पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची यादी बघावी लागते. मोझिलाने सुरू केलेली ही यादी कोणालाही मोफत वापरता येते.