बीटा टेस्टर व्हायचंय? आधी सेव्ह फाइल सांभाळा

गेल्या अंकात आम्ही ओझरतं लिहिलं होतं की स्ट्रॅटेजी गेमचं (राज्य आणि फौजा चालवण्याच्या डावपेची खेळाचं) नवं एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडली जाणारी भर, येण्याआधी कंपन्या हौशी खेळाडूंकडून ते तपासून घेतात. अशा तपासनिसाला बीटा टेस्टर म्हणतात. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

अर्ज कुठे करायचा? एक्स्पान्शन फुकट खेळायला मिळतं का, आणि मानधन किती? (अमळनेर)

मानधन नाही. पगारी तपासनीस वेगळे, ती नोकरी असते. स्वयंसेवकाला फार तर श्रेयनामावलीत नाव किंवा एक्स्पान्शनची मोफत प्रत मिळते, आणि तीही कबूल केली असेल तरच. मूळ गेम मात्र बहुधा आपल्याकडे विकत घेतलेला असावा लागतो, कारण एक्स्पान्शन त्याच्यावरच बसतं.

वाटा दोन. खुली चाचणी असेल तर स्टीमवर (संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) गेमच्या पानावर ‘रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस’ असं बटण दिसतं. मंजुरी आली की चाचणीची प्रत लायब्ररीत (स्टीमवरच्या आपल्या गेमच्या यादीत) वेगळी नोंद म्हणून येते. बंद चाचणीसाठी कंपनीचा फॉर्म असतो. एज ऑफ एम्पायर्सचा ‘एज इनसायडर’ हा असाच कायमचा कार्यक्रम आहे. फॉर्ममध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, मूळ गेम किती तास खेळलात आणि आठवड्याला किती वेळ देणार हे विचारतात. इथे बढाई मारू नका. आठ जीबी रॅमचा जुना आय-थ्री असेल तर तसंच लिहा. भारी मशीनवाले त्यांना ढिगाने मिळतात, जुन्या मशीनवर टर्न (डावातली एक पाळी) संपायला किती सेकंद लागतात हे सांगणारे कमी मिळतात.

काही कंपन्या मूळ गेमचीच बीटा शाखा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, उघडतात. लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, बीटाज, मग यादीतून शाखा निवडायची किंवा मिळालेला कोड टाकायचा. पण त्याआधी दोन कामं उरकून घ्या. त्याच प्रॉपर्टीजमध्ये या गेमपुरतं स्टीम क्लाउड (सेव्ह आपोआप इंटरनेटवर ठेवणारी सोय) बंद करा, आणि सेव्हचं (साठवलेल्या डावांचं) फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. सिव्हिलायझेशन ६ चं फोल्डर डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’मध्ये असतं, पॅराडॉक्स कंपनीच्या गेमचं डॉक्युमेंट्समधल्या ‘पॅराडॉक्स इंटरअ‍ॅक्टिव्ह’मध्ये. बीटामध्ये पुढे नेलेली सेव्ह जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही, आणि क्लाउड चालू राहिलं तर तीच बिघडलेली सेव्ह तुमच्या चांगल्या सेव्हवर चढून बसते. सगळे मॉडही (खेळाडूंनी बनवलेले बदल) काढा. मॉड लावून सापडलेला दोष कोणी वाचतसुद्धा नाही.

डेटाचा हिशेब आधीच करा. २५ जीबीची प्रत ४० एमबीपीएसच्या फायबरवर साधारण दीड तासात उतरते. शिवाय चाचणी चालू असताना काही जीबींचे पॅच (दुरुस्त्या) वरचेवर येत राहतात. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे गाडं ओढता येत नाही.

मे महिन्यात दुपारी तीनला लॅपटॉप भट्टी होतो आणि गेम बंद पडतो. हा बग (गेममधला दोष) म्हणून कळवू का? (भुसावळ)

आधी उन्हाचा दोष वेगळा काढा. बाहेर ४५ अंश असताना खोलीतला लॅपटॉप थंड राहील अशी अपेक्षाच नको. त्यात स्ट्रॅटेजी गेमचा उत्तरार्ध म्हणजे दर टर्नला सगळ्या संगणकी राज्यांचा हिशेब, आणि त्याचा सगळा भार प्रोसेसरवर. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. म्हणून दुपारी टर्न लांबला एवढ्यावरून गेमला दोष देता येत नाही.

बंद पडणं तीन तऱ्हेचं असतं. पूर्ण मशीनच बंद झालं किंवा पुन्हा सुरू झालं, तर संशय उष्णतेवर किंवा विजेवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल. तिचा अर्थ इतकाच, की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली आणि गेम गेला, तर ग्राफिक्स ड्रायव्हर बघा. त्याची नोंद ४१०१. मशीन नीट चालू आहे, फक्त गेम डेस्कटॉपवर फेकला गेला आणि ‘अ‍ॅप्लिकेशन एरर १०००’ची नोंद पडली, तर मात्र गेमवर बोट ठेवायला जागा आहे.

मग एकच सेव्ह घ्या, समजा २१२व्या टर्नची. ती पहाटे पाचला चालवा आणि दुपारी तीनला चालवा. दोन्ही वेळा त्याच टर्नला पडत असेल तर ऊन निर्दोष, कळवा. फक्त दुपारी, आणि दर वेळी वेगळ्याच टर्नला पडत असेल तर लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचला, जाळी साफ करा आणि फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ३०वर बांधा. या प्रकारच्या गेममध्ये त्याने खेळाचं काही बिघडत नाही, पण ग्राफिक्स कार्ड बरंच निवतं. टर्नचा वेळ मात्र त्याने घटत नाही. कूलरसमोर खोली गार होते हे खरं, पण पाण्याचे तुषार थेट कीबोर्डवर येतील असा लॅपटॉप ठेवू नका.

डेस्कटॉपवाल्यांनी विजेचं पाहावं. घरचा साधा इन्व्हर्टर बदली घेताना जो क्षण घेतो तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो. छोटा यूपीएस मध्ये लावा. ऑटोसेव्ह दर टर्नला ठेवा आणि जुन्या किमान दहा राहू द्या. सिव्हिलायझेशन ६मध्ये या दोन्ही गोष्टी पर्यायांमध्ये बदलता येतात.

मी नऊ बग कळवले. सातांवर ‘पुन्हा घडवता आला नाही’ असा शेरा मारून बंद केले. काय चुकतं? (शिरपूर)

बहुधा दोष खराच असतो, पण तो त्यांच्या टेबलावर घडत नाही. टेस्टरचं मुख्य काम इथेच आहे. आधी खेळायला मिळणं ही त्या कामाची मजुरी समजा.

‘जहाजातून सैन्य उतरवताना गेम अडकतो, लवकर दुरुस्त करा.’ या वाक्यावर प्रोग्रामरने काय करायचं? कोणतं जहाज, कोणतं सैन्य, कुठला किनारा? आता हाच दोष नीट मांडलेला बघा (गेम काल्पनिक आहे):

‘शीर्षक: तोफेची तुकडी रस्ता असलेल्या किनाऱ्यावर उतरवली की टर्न संपत नाही. बिल्ड क्रमांक (आवृत्तीचा नंबर): मुख्य पडद्याच्या कोपऱ्यातला, जसाच्या तसा. कृती: १) जोडलेली सेव्ह उघडा, टर्न ८७. २) नदीच्या मुखाजवळच्या जहाजातली तोफ निवडा. ३) पूर्वेकडच्या रस्त्याच्या चौकोनावर उतरवा. ४) टर्न संपवा. अपेक्षा: टर्न ८८ सुरू व्हावा. घडतं ते: बटण फिरत राहतं, दहा मिनिटं थांबूनही सुटत नाही. प्रमाण: ५ पैकी ५ वेळा. रस्ता नसलेल्या चौकोनावर ५ पैकी ० वेळा. घोडदळ उतरवल्यास ५ पैकी ० वेळा.’

शेवटच्या दोन ओळी सोन्याच्या आहेत. दोष कुठे घडत नाही हे सांगितलं की शोधण्याची जागा आपोआप अरुंद होते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची: चौकोन, मग तुकडी, मग अ‍ॅनिमेशन चालू-बंद. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर हाती काही लागत नाही.

सेव्ह जोडायची ती दोष घडण्याच्या एक टर्न आधीची. अडकल्यानंतरची सेव्ह म्हणजे चोर पळाल्यावर काढलेला फोटो. अनेक गेम रँडम सीड (नशिबाचे फासे ज्यावरून पडतात तो आकडा) सेव्हमध्येच ठेवतात, त्यामुळे आधीची सेव्ह उघडून तीच कृती केली की तोच निकाल येतो आणि दोष त्यांच्याकडेही घडतो. ‘आयर्नमॅन’सारख्या एकच सेव्ह ठेवणाऱ्या प्रकारात चाचणी करू नका, मागे जाताच येत नाही.

लॉगच्या, म्हणजे गेम स्वतः लिहीत जातो त्या नोंदींच्या, बाबतीत घाई करा. पॅराडॉक्सच्या गेममध्ये एरर लॉग गेम पुन्हा सुरू केल्यावर नव्याने लिहिला जातो, जुना जातो. म्हणून गेम पडल्यावर आधी लॉगचं फोल्डर कॉपी करायचं, मग चहा. मशीनची माहिती द्यायला विंडोज आणि आर दाबून ‘डीएक्सडायग’ टाइप करा आणि येणारी माहिती टेक्स्ट फाइल म्हणून जपून ठेवा.

एका अहवालात एकच दोष. इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं, वाक्यं चार-पाच शब्दांची ठेवा. आणि विंडोजवरचं तुमचं युजरनेम देवनागरीत असेल तर ते आवर्जून लिहा. फोल्डरच्या वाटेत इंग्रजीबाहेरची अक्षरं आली की सेव्ह न होणं, गेम सुरूच न होणं हे जुनं दुखणं आहे, आणि इंग्रजी नावाच्या मशीनवर ते कधीच दिसत नाही.

नवं राज्य फारच ताकदवान वाटतं. हे कसं कळवायचं? (चाळीसगाव)

‘वाटतं’ काढून टर्न क्रमांक घाला. एकच नकाशा सीड आणि एकच काठिण्य ठेवून नव्या राज्याने तीन डाव खेळा, जुन्याने तीन. चौथं शहर कितव्या टर्नला, पहिली तोफ कितव्या टर्नला, एवढं वहीत टिपा. सहा ओळींचा तो तक्ता पानभर मतापेक्षा जास्त वाचला जातो.

मित्र नाशिकला, मी धुळ्यात. चाळीसेक मिनिटांनी ‘आउट ऑफ सिंक’ येतं. नेट तर चांगलं आहे. (धुळे)

नेटचा संबंध थोडाच. या प्रकारच्या बहुतेक गेममध्ये सैनिकांच्या जागा तारेवरून जात नाहीत, फक्त हुकूम जातात. ‘या पन्नास धनुर्धरांना तिकडे पाठवा’ एवढाच निरोप, आणि दोन्ही मशीन आपापला हिशेब करतात. १९९७च्या एज ऑफ एम्पायर्सने मोडेमवर मोठ्या फौजा लढवल्या त्या याच युक्तीने. मधूनमधून दोन्ही हिशेबांची बेरीज पडताळतात. कुठेतरी एका बाजूला आकडा किंचित वेगळा आला, की पुढचं सगळं फाटत जातं आणि ही सूचना येते. नेट खराब असेल तर डाव रेंगाळतो किंवा तुटतो, ते दुखणं वेगळं.

आधी दोघांचा बिल्ड क्रमांक आणि असल्यास चेकसम (फाइल सारख्या आहेत का ते सांगणारी खूण) अक्षर न् अक्षर जुळवा. एकाकडे विसरलेला मॉड हे नेहमीचं कारण. तरीही झालं तर दोघांनीही त्याच टर्नची सेव्ह आणि लॉग काढून एकाच अहवालात जोडा. एकाच बाजूची फाइल निरुपयोगी आहे, कारण शोधायचा आहे तो दोघांमधला फरक.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. गोपनीयतेच्या करारावर त्याने सही केली तर? (नंदुरबार)

करू देऊ नका. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ११नुसार अज्ञान (१८ वर्षांखालची) व्यक्ती करार करायला पात्र नाही, आणि बऱ्याच बंद चाचण्या १८ वर्षांखालच्यांना घेतही नाहीत. जन्मतारीख खोटी टाकून शिरणं तर नकोच. खुल्या चाचणीत सहसा असा करार नसतो, तिथे खेळू द्या. मोठ्यांनीही ध्यानात ठेवावं: स्क्रीनशॉट, लाइव्ह प्रसारण आणि डिस्कॉर्डवर (खेळाडूंच्या गप्पांचं अ‍ॅप) ‘आता हे खेळतोय’ अशी आपोआप दिसणारी ओळ, तिन्हीतून गुपित फुटतं.

डिस्कॉर्डवर एकाने ‘आमचा गेम तपास’ म्हणून पासवर्ड लावलेली झिप फाइल पाठवली. उघडू? (शहादा)

नाही. पासवर्ड लावलेला असतो तो अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून. आतली फाइल ब्राउझरमधले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून नेते. ओळखीच्या मित्राच्या खात्यावरून आली असेल तरी नाही, ते खातं आधीच गेलेलं असू शकतं. प्रामाणिक चाचणी स्टीमसारख्या दुकानातून किंवा कंपनीच्या स्वतःच्या लाँचरमधून येते, आणि कोणी नोंदणी शुल्क मागत नाही. उघडून बसला असाल तर दुसऱ्या उपकरणावरून ईमेलचा पासवर्ड आधी बदला, मग स्टीमचा, आणि सगळीकडून लॉगआउट करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

बंद चाचणीतल्या एका गेममध्ये १३९० सालच्या नकाशावर खान्देशची राजधानी बुऱ्हाणपूर दाखवली आहे. असलं कळवलं तर ऐकतात का? (थाळनेर)

बंद चाचणीतलं मासिकाला कळवणं हाच करारभंग आहे, म्हणून गेमचं नाव आम्ही छापलेलं नाही! पण तुमची हरकत बरोबर आहे. खान्देशात फारुकी राज्य स्थापणाऱ्या मलिक राजा फारुकीचं ठाणं तापीकाठी थाळनेरला होतं. बुऱ्हाणपूर वसवलं ते त्याच्या मुलाने, नासिर खानाने, आणि मलिक राजा वारला १३९९ साली. म्हणजे १३९०च्या नकाशावर ते शहर येऊच शकत नाही.

अहवालात ‘आमच्या गावावर अन्याय’ असं लिहू नका. साल, चुकीचं नाव, योग्य नाव आणि छापील आधार द्या. १८८० साली निघालेलं खान्देशचं जिल्हा गॅझेटियर इंग्रजीत आहे, त्यामुळे परदेशातल्या माणसालाही तपासता येतं. संबंधित पानाचा फोटो जोडा. वर्गवारीत ‘मजकूर’ निवडा, ‘गंभीर’ नको. आणि हे चाचणीच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा. मजकूर एकदा भाषांतराला गेला की एक शब्द बदलायचा तर सगळ्या भाषांत बदलावा लागतो, आणि मग उत्तर येतं, ‘पुढच्या पॅचमध्ये पाहू’.