वाचकांचे प्रश्न : एसटी, मोटरसायकल की विजेची स्कूटर?

प्रश्न : आमचे गाव दारव्हा तालुक्यात असून मी नोकरीसाठी रोज यवतमाळला मोटरसायकलने, बहुधा एकटाच, ये-जा करतो. खर्च आणि प्रदूषण दोन्ही कमी व्हावे म्हणून विजेवर चालणारी स्कूटर घेण्याचा विचार आहे. परंतु मित्र म्हणतात की आपल्याकडची वीज चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच तयार होते, मग फरक तो काय पडणार? एसटीने जावे, तर सकाळची फेरी अर्धी रिकामी धावते आणि डिझेल तिलाही लागतेच. यांपैकी काय निवडावे?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या मित्रांची शंका रास्त आहे, पण हिशेबात ती टिकत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला ५० किलोमीटर धावणारी मोटरसायकल १०० किलोमीटरमागे ४.६ किलो सोडते. तेवढ्याच अंतराला विजेच्या स्कूटरला साधारण ३ युनिट लागतात. ती सर्व वीज कोळशाचीच धरली, म्हणजे युनिटमागे सुमारे १ किलो, आणि तारांमधील गळतीही मोजली, तरी आकडा साडेतीन किलोंपर्यंतच जातो. देशातील विजेची सरासरी धरल्यास, कारण जाळ्यात जलविद्युत, पवन आणि सौर वीजही मिसळते, तो अडीच किलोंच्या आसपास येतो.

एसटीचा हिशेब मात्र सर्वस्वी प्रवाशांच्या संख्येवर ठरतो. साधी बस लिटरला साधारण साडेचार किलोमीटर धावते आणि एक लिटर डिझेलमधून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो; म्हणजे १०० किलोमीटरला ६० किलो. बसमध्ये ४० जण असतील तर माणशी दीड किलो, आणि आपण म्हणता तशी निम्मी भरलेली असेल तरी तीन किलोंच्या आत. प्रवासी १३ च्या खाली गेले, तरच ती एकट्या मोटरसायकलस्वाराहून वाईट ठरते. शिवाय सकाळची ती फेरी आपण बसलात किंवा न बसलात तरी धावणारच आहे, आणि एका माणसाच्या वजनाने तिचे डिझेल जवळजवळ वाढत नाही. म्हणून वेळ जुळत असेल तर माझे उत्तर निःसंदिग्धपणे एसटी हेच आहे.

वेळ जुळत नाही, हीच बहुतेक गावांची खरी अडचण आहे. मोटरसायकल असलेला माणूस बस सोडतो, उत्पन्न घटते, फेरी बंद होते आणि ज्यांच्याकडे दुसरे साधनच नाही अशा मुली व वृद्ध फाट्यावर ताटकळत राहतात. मला सर्वांत अधिक चिंता याचीच वाटते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळत असल्याने मागणी निश्चितच आहे. ग्रामसभेत ठराव करून, कोणत्या वेळेला किती जण जातील हे नमूद करून, आगार व्यवस्थापकांकडे नवी फेरी नव्हे तर आहे त्या फेरीची वेळ बदलून मागावी. दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वेगाडी आज धावत असती, तर हा प्रश्न बराच सोपा झाला असता. रुळावरच्या पोलादी चाकाला घर्षण फार कमी असते, त्यामुळे भरलेल्या गाडीला माणशी ऊर्जाही कमी लागते.

बसची सोय झालीच नाही, तर विजेची स्कूटर जरूर घ्यावी. मात्र जाऊन-येऊन होणाऱ्या अंतराहून तिचा प्रत्यक्षातील पल्ला बराच अधिक असावा, आणि उन्हाळ्यात भर उन्हातून आल्यावर बॅटरी थंड होऊ देऊनच चार्जिंगला लावावी.

प्रश्न : मोटरसायकल सोडणे शक्य नाही, तिचे पेट्रोल कसे वाचवावे?
– एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : वेग ताशी ४५ ते ५० किलोमीटर ठेवावा, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० च्या वेगाला तो ४० च्या चौपट होतो. टायरमधील हवा आठवड्यातून एकदा तपासावी, साखळीला वेळेवर तेल द्यावे. सर्वांत मोठी बचत मात्र मागच्या रिकाम्या सीटवर आहे : त्याच दिशेने जाणारा शेजारी सोबत घेतल्यास पेट्रोल थोडेसेच वाढते आणि माणशी खर्च जवळपास निम्मा होतो. दोघांनीही हेल्मेट घालावे.