एफ-१६ च्या मॉडेलवर पॅनल लाइन काळ्या कराव्यात का? कॅनॉपी उघडी ठेवावी की बंद?

तुमचं १/४८ चं, म्हणजे खऱ्याच्या ४८ व्या भागाएवढं, एफ-१६ लढाऊ विमान रंगवून झालंय आणि आता काळा वॉश, म्हणजे रेघांत भरायचा पातळ रंग, हातात घेऊन बसला आहात, असं प्रश्नावरून दिसतंय. ती बाटली आधी खाली ठेवा. पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा, काळ्या करू नका.

कारण सांगतो, पण यात माझी एक जुनी ठसठस आहे.

मीही हेच विमान केलं होतं, याच स्केलला. सात महिने लागले. त्यातला निम्मा वेळ तर कुणाला न दिसणाऱ्या कामात गेला. पोटाखालच्या इनटेकच्या, म्हणजे इंजिनाला हवा घेणाऱ्या तोंडाच्या, आत जोड राहतो, तिथे बोट जात नाही. काडीला पॉलिश पेपर गुंडाळून तो घासला, आतून पांढरा रंग दिला, जोड पुन्हा दिसला, पुन्हा घासला. मग कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच. एफ-१६ ची कॅनॉपी म्हणजे खाली येताना आत वळणारा फुगा. सरळ साच्यातून ती निघत नाही, म्हणून साचा तुकड्यांचा करतात आणि काचेच्या बरोबर मधोमध, पुढून मागे, केसाएवढी रेघ राहते. खऱ्या विमानात पायलटच्या डोळ्यांसमोर एक आडवी पट्टीसुद्धा नाही, तेच त्या कॅनॉपीचं वैशिष्ट्य, आणि मॉडेलमध्ये नेमकी तिथेच रेघ!

ती पात्याने हलकेच खरवडली. मग दोन हजारचा वॉटर पेपर, मग चार, आठ, बारा हजार. पहिल्या दहा मिनिटांतच काच दुधाळ होते आणि चांगली वस्तू आपल्या हाताने घालवली म्हणून पोटात गोळा येतो. शेवटी टूथपेस्टने घासली, ग्लॉस अॅक्रिलिकमध्ये बुडवली आणि धूळ बसू नये म्हणून रात्रभर डब्याखाली झाकून ठेवली. सकाळी तिच्यातून पेपरातली बारीक टायपातली जाहिरात वाचता आली. घरात दाखवली. 'काच आहे. मग?' एवढंच ऐकायला मिळालं.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पायलटसमोरच्या एचयूडीची (नजर न वळवता आकडे दाखवणाऱ्या यंत्राची) इवलीशी काच सुटली. मी घाईत सुपर ग्लूचा ठिपका लावला, कॅनॉपी बंद केली आणि झोपलो. सकाळी कॅनॉपी आतून आंघोळीनंतरच्या आरशासारखी. सुपर ग्लूची वाफ बंद जागेत काचेवर बसते आणि तिथेच घट्ट होते, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं. नशीब, कॅनॉपी पांढऱ्या गोंदाने नुसती टेकवली होती. ती उचलली, आतून ग्लॉसचा एक हात दिला, तेव्हा धुकं गेलं.

एवढं करून टेबलावर विमान मांडलं आणि परीक्षक आले. आमच्यातले ज्येष्ठ, सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी टॉर्च मारून मिनिटभर पाहिलं. मला वाटलं, कॅनॉपी बघतायत. म्हणाले, "हात स्वच्छ आहे रे तुझा, पण विमान मेलंय. लाइन कुठेयत? खेळण्यातलं वाटतं." बक्षीस शेजारच्या विमानाला गेलं. ते म्हणजे करड्या फरशांच्या सांध्यांत काळं सिमेंट भरावं तसं दिसत होतं.

मी तेव्हा गप्प बसलो, ते आता हिशेबाने बोलतो. खरं एफ-१६ साधारण १५ मीटर लांब, म्हणजे तुमचं मॉडेल ३१ सेंटिमीटरच्या आसपास. त्यावर कोरलेली रेघ ०.२ मिलिमीटरची धरा. ४८ ने गुणा, जवळजवळ १ सेंटिमीटर. एवढी फट खऱ्या विमानाच्या पत्र्यात असती तर करंगळी अडकली असती. म्हणजे रेघ मुळातच जाड आहे, आणि तिच्यात तुम्ही काळं भरणार. गंमत म्हणजे रंगाचा नंबर चुकला की हीच मंडळी जीव खातात. वरचा गडद करडा एफएस (अमेरिकी सरकारी रंगक्रमांक) ३६११८ च हवा, नाकाकडे आणि शेपटीला ३६२७०, पोटाला ३६३७५. सगळं बरोबर जुळवायचं आणि त्यावर असल्या रेघा ओढायच्या, ज्या खऱ्या विमानावर दहा पावलांवरून दिसतही नाहीत.

शिवाय सगळ्या रेघा सारख्या नसतात. जी झाकणं देखभालीसाठी रोज उघडतात त्यांच्या कडा मळतात. जो जोड कारखान्यातून निघाल्यावर कुणी उघडलाच नाही, तो का मळेल? फ्लॅपेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा), रडर (उभ्या शेपटीचं सुकाणू), मागचे आडवे पंख हे हलणारे भाग. तिथे फट खरोखर असते, तिथे गडद करा. डाव्या बाजूला कॅनॉपीच्या मागे तोफेचं तोंड आहे, त्याच्या आसपास थोडी काजळी चालेल. बाकी ठिकाणी खालच्या रंगापेक्षा एक छटा गडद करडा पुरे. वॉश चकचकीत ग्लॉस थरावरच लावा, मॅटवर लावलात तर डाग पसरतो आणि निघत नाही. पुसताना पुढून मागे, हवा वाहते त्या दिशेने. आणि वॉशचा थिनर उघड्या प्लास्टिकच्या ताण असलेल्या जोडात मुरू देऊ नका, तिथे तडा जातो. लँडिंग गिअरचे पाय तर पटकन मोडतात.

हे सगळं एफ-१६ बद्दल. विमानवाहू जहाजावरचं एफ/ए-१८ करत असाल तर यातलं निम्मं विसरा. खाऱ्या हवेमुळे गंज आणि जागोजागी रंगाचे तुकडे लावलेले, ती विमानं खरंच कळकट असतात. १/७२ लाही हात जरा सैल सोडावा लागतो. आणि खरं सांगायचं तर, माझं ते विमान आज कपाटात आहे, पलंगावरून बघितलं की करड्या साबणाची वडी दिसते. त्यानंतरच्या प्रत्येक मॉडेलला मी करडा वॉश दिलाय. काकांना हे सांगितलेलं नाही. काळा मात्र नाहीच दिला.

कॅनॉपी उघडी ठेवा. सीट तीस अंश मागे कललेली आहे, ती बंद काचेतून नीट कळत नाही. एचयूडीची काच पांढऱ्या गोंदाने लावा, आजच लावा, आणि वाळेपर्यंत कॅनॉपीला हात लावू नका.