टाच, जिना आणि जिग

प्रश्न : वय ५७. बारा वर्षं धावतोय, सहा मॅरेथॉन झाल्या. दोन महिन्यांपासून सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेच्या वर, मागच्या शिरेत कळ येते. वीसेक पावलं लंगडल्यावर मोकळं होतं. महिनाभर पूर्ण विश्रांती घेतली, बरं वाटलं. परत धावलो, परत तेच. आता धावणं सोडावं का?

उत्तर : सोडू नका. पण महिनाभर विश्रांती आणि मग एकदम जुनी धाव, हा उद्योग मीही केलाय. एकदा नाही, तीनदा. ५९व्या वर्षी माझी डावी टाच अशीच धरली होती. दुखायचं थांबलं की बरी झाले असं समजून बाहेर पडायचे आणि आठवड्याभरात पुन्हा पलंगाच्या कडेला बसून पायाकडे बघत राहायचे. ही टाचेमागची शीर म्हणजे अकिलीस टेंडन, तिचं गणितच असं आहे. पडून राहिलात तर दुखणं निवतं, पण ताण सोसायची ताकदही उतरते. ती ताकद भरून यायला आठवडे नाही, महिने लागतात.

शेवटी एका फिजिओनं मला जिन्याच्या पायरीवर उभं केलं. चवडे पायरीच्या कडेवर, टाचा अधांतरी, हात कठड्याला. दोन्ही पायांनी वर उचलायचं, चांगला पाय काढून घ्यायचा आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, असे तीन फेरे. मग गुडघा किंचित वाकवून आणखी तीन. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. सोपं वाटायला लागलं की पाठीला वजनाची सॅक.

हा व्यायाम प्रसिद्ध केला हाकन अल्फ्रेडसन या स्वीडिश सर्जननं, १९९८मध्ये, १५ हौशी खेळाडूंवर करून बघून. त्याची स्वतःचीच टाच दुखत होती. वरिष्ठ ऑपरेशन करेनात, तेव्हा टेंडन तुटलं की करावंच लागेल म्हणून यानं मुद्दाम दुखेल असा व्यायाम सुरू केला, आणि टाच बरी झाली! हट्टी माणूस. रनरच तो.

करताना थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली असेल तर मात्र प्रमाण कमी करा. सपाटीवर हळू धावायला हरकत नाही, चढ आणि स्पीड वर्क बंद. कळ थेट टाचेच्या हाडावर असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, जमिनीवरच करा. आणि धावताना मागून कुणी काठी मारल्यासारखा फटका बसला, चवड्यावर उभं राहता येईना, तर मासिक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : माझा नवरा ६३ वर्षांचा आहे. रविवारी पहाटे उठून तीस किलोमीटर धावून येतो आणि मग दिवसभर सोफ्यावर पडून कण्हतो. काही बोललं की रागावतो. काय करू?

उत्तर : कण्हू द्या. मी ६६ वर्षांची आहे, रोज कण्हते. गजर पावणेपाचचा असला तरी माझं पहिलं पाऊल साडेपाचच्या आधी पडत नाही. आधी पांघरुणातच घोटे फिरवायचे, पायाची बोटं आखडून सोडायची, मग भिंतीला धरून पोटऱ्या. उजव्या अंगठ्याचं नख गेल्या लाँग रनपासून काळं आहे, ते मोज्यात अडकू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी. हे सगळं होईपर्यंत तरुण लोक धावून परतही आलेले असतात.

त्यांना एकच सुचवा : आठवडा सात दिवसांचा असलाच पाहिजे असं नाही. माझा दहा दिवसांचा आहे. दहा दिवसांत एक लाँग रन, एक वेगाचा दिवस, दोनदा वजनं, बाकी चालणं नाहीतर आराम. पाय सुधारले, घरचं वातावरणही. मात्र धावताना छातीत दाब, घेरी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काही झालं तर त्यांच्या रागाला न जुमानता डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : तुमच्या उत्तरांत अधूनमधून जिग, रील असं काहीतरी येतं. हे कुठलं संगीत? धावताना ऐकता का?

उत्तर : या प्रश्नाची वाटच बघत होते. आयर्लंडचं पारंपरिक संगीत. जिग आणि रील या त्यातल्या नाचाच्या धुना. वाद्यं म्हणजे फिडल (आपलं व्हायोलिनच), टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी, ॲकॉर्डियन आणि माझे लाडके इलियन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप. यात तोंडानं फुंकत नाहीत, कोपराखाली भाता दाबून हवा भरतात. या पाइपवादनाला २०१७मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली.

धावताना कानात काही घालत नाही, रस्त्यावर कान मोकळे हवेत. पण डोक्यात वाजतंच. जिग सहा मात्रांची. दादरा ऐकलेल्याला लगेच पटेल, तीन-तीनचे दोन झोके. मिनिटाला ११५च्या आसपास झोके धरले आणि दर दोन मात्रांना एक पाऊल टाकलं, तर मिनिटाला १७२ पावलं होतात. ही नेमकी माझी निवांत चाल. एका आवर्तनात तीन पावलं बसतात, म्हणून सम एकदा उजव्या पायावर येते, पुढच्या वेळी डाव्या. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी एकटीच हसत धावत होते.

टाचेच्या १८०चा हिशेबही जिगनंच ठेवला. बहुतेक धुना ३२ आवर्तनांच्या असतात : आठचा एक भाग दोनदा, आठचा दुसरा भाग दोनदा. चार आवर्तनांत एकदा टाच उतरवून वर यायचं. पूर्ण धून दोनदा वाजली की सोळा जागा होतात. पंधरा उतरायला, सोळावी श्वास घ्यायला.

६१व्या वर्षी डब्लिन मॅरेथॉन धावले. १९८०पासून होते ती, ऑक्टोबरच्या अखेरीस. ५ तास ११ मिनिटं. संध्याकाळी डब्लिनच्याच स्मिथफील्ड भागातल्या एका पबमध्ये सेशन, म्हणजे टेबलाभोवती बसून चालणारी वादकांची मैफल, ऐकायला गेले. वाटेत जिना उतरायचा होता. मॅरेथॉननंतर मांड्या उतरताना साथ देत नाहीत, म्हणून कठडा धरून उलटी उतरले. टेबलाशी पांढऱ्या केसांचा एक फिडलवाला बसला होता. त्यानं ते बघितलं आणि काही न विचारता पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. बोटांचे सांधे चांगलेच सुजलेले होते त्याचे. दोन धुनांच्या मध्ये तो ते चोळत बसायचा, मी टाच चोळते तसे. त्यानं जिग धरली ती संथ, आणि टेबलावरची तरुण पोरं मुकाट त्याच्या लयीला आली. मोठ्यांदा टाळ्या वाजवून ठेका धरायचा नसतो तिथे. मी स्टुलावरच्या पायानंच धरला.

प्रश्न : वय ७०. पूर्वी मॅरेथॉनला ४ तास १० मिनिटं लागायची, आता ५ तास ४०. हे अजून किती घसरणार?

उत्तर : घसरणारच. कॅनडाचे एड व्हिटलॉक ७३व्या वर्षी २ तास ५४ मिनिटांत धावले, आणि ८५व्या वर्षी त्यांनाही ३ तास ५६ मिनिटं लागली. तो माणूस घराजवळच्या दफनभूमीत रोज तासन्‌तास गोल गोल धावायचा, तरी बारा वर्षांत तासभर गेलाच. तुमचे दीड तास किती वर्षांत गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही. एकाच वर्षात गेले असतील तर दोष वयाला देऊ नका, आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, हृदयाचीही तपासणी करून घ्या. हळूहळू गेले असतील तर घड्याळातला पेस (किलोमीटरला किती मिनिटं लागली ते) दाखवणारा पडदा काढून टाकता येतो. मी काढलाय. आता त्यात फक्त किती वाजले ते दिसतं, म्हणजे घरी चहाला पोचेन का ते कळतं.