वाचकांचे प्रश्न : फिरता डोम कॅमेरा बसवताना

या वेळी पीटीझेड, म्हणजे आडवा फिरणारा, वर-खाली वाकणारा आणि झूम करणारा डोम कॅमेरा, या विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार स्थिर कॅमेरे आहेत. ते काढून मधल्या खांबावर २५ पट झूमचा एकच फिरता कॅमेरा लावावा, असा ठराव येतो आहे. खर्चही वाचेल असं काहींचं म्हणणं आहे.
– सचिव, गृहनिर्माण संस्था, चिंचवड

ठराव मंजूर करू नका. कॅमेरा ३६० अंश फिरतो, याचा अर्थ ३६० अंश दिसतं असा होत नाही. २५ पट झूमच्या कॅमेऱ्याची लेन्स साधारण ४.८ ते १२० मिलिमीटरची असते. पूर्ण उघडी असताना तिला जेमतेम ६० अंश दिसतात, पूर्ण झूमवर अडीच अंश. म्हणजे कोणत्याही क्षणी वर्तुळाचा किमान पाच षष्ठांश भाग रेकॉर्डच होत नसतो. कॅमेरा गेटकडे बघत असताना मागच्या कोपऱ्यातली स्कूटर गेली, तर ती गेलीच.

दुसरी गोष्ट पिक्सेलची. सीसीटीव्हीसाठीच्या ६२६७६-४ या युरोपीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायला दर मीटरला २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५. दोन मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. म्हणजे ओळख पटण्यासारख्या चौकटीची रुंदी साडेसात मीटरच्या आसपासच. उघड्या लेन्सला ३० मीटरवर साधारण ३३ मीटर रुंदी दिसते, तिथे मीटरला ५८ पिक्सेलच पडतात. कोणीतरी आहे एवढं कळेल, कोण आहे ते नाही. झूम करून १०० मीटरवर बघितलं तर मीटरला ४०० च्या वर पिक्सेल मिळतात आणि चेहरा स्वच्छ दिसतो. पण झूम त्या क्षणी कोणीतरी करायला हवा. रुंद रेकॉर्डिंग नंतर कितीही मोठं केलं तरी त्यातून चेहरा निघत नाही.

तेव्हा चार स्थिर कॅमेरे राहू द्या. मॉनिटरसमोर पहारेकरी खरोखर बसत असेल तर फिरता कॅमेरा पाचवा म्हणून घ्या. बसत नसेल, तर त्याच पैशात गेटवर नंबरप्लेट वाचणारा एक चांगला स्थिर कॅमेरा येतो.

खांबावर आणि भिंतीवर बसवण्याची योग्य पद्धत आणि क्रम सांगावा.
– वायरमन, सांगली

शिडी लावण्याआधी निम्मं काम टेबलावर करा. खोका उघडल्यावर डोमचं कव्हर काढून आतला फोम आणि लेन्सची पट्टी काढून टाका. हे राहून गेलं तर सुरू होताना कॅमेरा स्वतःची चाचणी घेतो तेव्हा मोटर अडते, तिची मोजून टाकलेली पावलं चुकतात आणि पुढे साठवलेली प्रत्येक जागा थोडी सरकलेली येते. कव्हर उघड्या बोटांनी धरू नका. बोटांचे ठसे रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात पांढरे चमकतात. टेबलावरच वीज देऊन पासवर्ड, आयपी पत्ता, वेळ आणि +५:३० चा टाइम झोन लावून घ्या. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर एका वेळी एकच जोडा, कारण कारखान्यातून दोघांचा पत्ता एकच येतो आणि दोन्ही गोंधळतात.

ब्रॅकेटसाठी काँक्रीट असेल तर धातूचे एक्स्पान्शन फास्टनर वापरा, भोक फास्टनरच्या पाकिटावरच्या मापाचंच. प्लास्टिकचा रावळप्लग या वजनाला चालत नाही. कॅमेरा आणि ब्रॅकेट मिळून जे वजन होईल त्याच्या निदान चौपट भार भिंतीने पेलायला हवा, कारण कॅमेरा झटक्याने थांबतो आणि वारा त्याला हलवतो. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत फास्टनर धरत नाही; आरपार बोल्ट घालून मागून लोखंडी पट्टी द्या.

खांबाच्या बाबतीत सर्वात जास्त कंजूषी होते. पूर्ण झूमवर चौकट अडीच अंशांची असते. खांब वाऱ्याने एक दशांश अंश जरी डोलला तरी चित्र ७५ पिक्सेलांहून जास्त सरकतं. दीड-दोन इंची पाइपवर लावलेल्या कॅमेऱ्याचा झूम म्हणूनच कागदावर राहतो. चार इंची किंवा त्याहून जाड पाइप आणि खाली बेस प्लेटसह काँक्रीटचा पाया घ्या. उंची चार ते सहा मीटर ठीक. त्याहून वर गेलात तर चेहऱ्यांऐवजी टोप्या आणि टक्कल दिसतात.

वर गेल्यावर आधी सुरक्षेची तार ब्रॅकेटला अडकवा, मग केबल जोडा, मग कॅमेरा आटे फिरवून बसवा आणि अडकवणारा स्क्रू आवळा. स्पिरिट लेव्हल लावा. ब्रॅकेट तिरका राहिला की एका बाजूला क्षितिज सरळ आणि तिथून काटकोनात वळलं की उतरतं दिसतं, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याला सहसा उपाय नाही.

बेदाण्याच्या शेडवर लावलेला कॅमेरा दिवसभर उत्तम चालतो. अंधार पडला की दोन-तीन मिनिटांनी बंद पडतो, पुन्हा चालू होऊन गरगर फिरतो, परत बंद. अडॅप्टर १२ व्होल्ट ३ अँपियरचा, खोलीत आहे. तिथून कॅमेऱ्यापर्यंत ३० मीटर वायर आहे, एक चौरस मिलिमीटरची. दुकानदार कॅमेरा बदलून देतो म्हणतो.
– द्राक्ष बागायतदार, निफाड

कॅमेरा बदलून काही होणार नाही, दोष वायरीच्या लांबीत आहे. एक चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम. जाऊन-येऊन ६० मीटर झाले, म्हणजे १.०५ ओहम. दिवसा कॅमेरा अर्धा-पाऊण अँपियर घेतो, व्होल्टेज अर्ध्या-पाऊण व्होल्टने पडतं, चालून जातं. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, त्यात मोटर फिरली की ओढ तीन अँपियरकडे जाते आणि तीन व्होल्ट वायरीतच संपतात. कॅमेऱ्यापाशी नऊ व्होल्टही उरत नाहीत, तो बंद पडतो. दिवे विझले की व्होल्टेज वर येतं, तो उठतो, चाचणीसाठी फिरतो, दिवे पुन्हा लागतात. ही साखळी रात्रभर चालते.

खात्री करायची असेल तर मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या टोकाशी लावा, आणि तेही रात्री, दिवे लागलेले आणि मोटर फिरती असताना. दिवसा मोजलेला आकडा इथे उपयोगाचा नाही.

अडॅप्टर १५ व्होल्टचा लावा असा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका: दिवसा ओढ कमी असते तेव्हा जवळजवळ पूर्ण १५ व्होल्ट कॅमेऱ्यात जातील. खरे उपाय तीन. २३० व्होल्टची लाइन वेगळ्या पाइपातून खांबापर्यंत नेऊन अडॅप्टर तिथे जलरोधक पेटीत ठेवा. किंवा कॅमेरा २४ व्होल्ट एसीवर चालत असेल तर तसा ट्रान्सफॉर्मर घ्या; तेवढ्याच कामाला ओढ निम्मी होते. आणि कॅमेरा आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारा, असेल तर पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज.

पीओई घेताना वॅट बघा. ८०२.३ एएफ प्रकारचा साधा नेटवर्क स्विच पोर्टला १५.४ वॅट देतो, कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ हमखास पोचतात. एटी प्रकारात ३० पैकी २५.५, बीटीच्या साठ वॅटच्या प्रकारात ५१. इन्फ्रारेडवाल्या फिरत्या डोमला एएफ सहसा पुरत नाही. स्विचची एकूण क्षमताही बघा. आठ पोर्टवर प्रत्येकी ३० वॅट लिहिलेलं असतं आणि आतला पॉवर सप्लाय मात्र १२० वॅटचाच असतो.

केबल कॅट सिक्स, पूर्ण तांब्याची, १०० मीटरच्या आत. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते, तिचा रोध दीडपटीहून जास्त. तार ब्लेडने खरवडून बघा; आत चंदेरी निघाली तर परत करा.

शाळेत जुना अ‍ॅनालॉग फिरता कॅमेरा आहे. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचं यंत्र, नवीन घेतला. चित्र येतं, पण कॅमेरा हलत नाही.
– शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

चित्र कोअ‍ॅक्स केबलमधून येतं, फिरण्याच्या आज्ञा आरएस-४८५ नावाच्या जोडणीच्या ए आणि बी या दोन तारांतून जातात. डीव्हीआरच्या पीटीझेड पानावर तीन गोष्टी कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळायला हव्यात: प्रोटोकॉल म्हणजे आज्ञांची भाषा (बहुतेक पेल्को-डी), बॉड रेट म्हणजे त्या पाठवण्याचा वेग (२४००, ४८०० किंवा ९६००) आणि पत्ता म्हणजे कॅमेऱ्याचा क्रमांक. बॉड रेट आणि पत्ता कॅमेऱ्याच्या पोटातल्या लहान डिप स्विचवर असतात. पत्त्याचे स्विच १, २, ४, ८, १६ अशा किमतीचे. पत्ता ५ हवा तर पहिला आणि तिसरा वर. बदल केल्यावर कॅमेऱ्याची वीज बंद-चालू करा, नाहीतर जुनाच पत्ता राहतो. पेल्को-पी निवडलात तर काही यंत्रांत पत्ता एकने सरकतो, कारण त्यात मोजणी शून्यापासून आहे.

तरीही हलला नाही तर ए आणि बी तारा उलट करून बघा. त्याने काही जळत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. एकाहून जास्त कॅमेरे असतील तर तार एकातून दुसऱ्यात अशी ओवत न्या, डीव्हीआरपासून प्रत्येकाला वेगळी फांदी काढू नका. शेवटच्या कॅमेऱ्यावर १२० ओहमचा रोध लावा.

कॅमेरा एका कंपनीचा, एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) दुसरीचा. ऑनव्हिफने, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जोडण्याच्या सामाईक पद्धतीने, जोडल्यावर सुरुवातीला सगळं चाललं. वीज गेल्यानंतर पासवर्ड चुकीचा असल्याचं दाखवतो. पासवर्ड तर तोच आहे.
– मेडिकल दुकानदार, नागपूर

घड्याळ बघा. ऑनव्हिफच्या ओळख तपासणीत वेळेचा शिक्का असतो. वीज गेल्यावर कॅमेऱ्याची तारीख मागे गेली असेल तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. दोघांनाही एकाच एनटीपी, म्हणजे घड्याळ जुळवणाऱ्या, सर्व्हरवरून वेळ द्या; इंटरनेट नसेल तर एनव्हीआरलाच तो सर्व्हर करा. याशिवाय काही कंपन्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असतं आणि त्याचा वापरकर्ता वेगळा तयार करावा लागतो. त्याला नुसता बघण्याचा अधिकार दिलात तर चित्र येईल, बाण दाबून कॅमेरा हलणार नाही.

पावसाळ्यात डोमच्या आत वाफ धरते. रात्री पावसात चित्र सारखं धूसर-स्पष्ट होत राहतं.
– लॉज चालक, रत्नागिरी

दोन वेगळे आजार आहेत. वाफेचं मूळ बहुतेक वेळा केबलमध्ये असतं: आरजे-४५, म्हणजे नेटवर्क केबलच्या प्लगचा जोड उघडा राहिला की पाणी केबलच्या आतून चढतं. जोडावर कंपनीने दिलेला जलरोधक ग्लँड (केबलभोवती आवळायची टोपी) रबरासह बसवा, केबल पेटीत शिरण्याआधी खाली झोल देऊन वर वळवा, म्हणजे थेंब झोलाच्या टोकाशी गळतील. कोरड्या दिवशी कव्हर उघडा, रबरी रिंग तिच्या खाचेत नीट बसली आहे ना ते बघा, आतली सिलिका जेलची पुडी बदला, स्क्रू समोरासमोरचे आवळत जा. सिलिकॉनने सगळीकडून लिंपू नका. आत राहिलेली दमट हवा मग बाहेर पडत नाही.

धूसरपणा ऑटोफोकसचा. थेंब आणि किडे इन्फ्रारेडमध्ये चमकतात, लेन्स त्यांच्यावर फोकस करायला धावते. फोकस अर्ध-स्वयंचलित ठेवा, म्हणजे कॅमेरा हलल्यावर एकदाच फोकस होईल, आणि किमान फोकस अंतर दोन-तीन मीटरच्या पुढे न्या. कोळिष्टकं दर पंधरवड्याला मऊ ओल्या कापडाने काढा. कोरडं कापड डोमवर ओरखडे पाडतं.

वळवाच्या विजांनी दोन वर्षांत दोन कॅमेरे गेले.
– गोदाम मालक, लातूर

गोदाम आणि कार्यालय यांच्यात तांब्याची केबल ठेवू नका. दोन्ही टोकांना विजेच्या संकेतांचा प्रकाश आणि प्रकाशाचे परत संकेत करणारे मीडिया कन्व्हर्टर लावून मध्ये ऑप्टिकल फायबर टाका. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, फक्त आत लोखंडी तार नसलेली घ्या. खांबावर वेगळं अर्थिंग आणि नेटवर्क व वीज दोन्हींसाठी सर्ज प्रोटेक्टर हवा. अर्थिंगशिवाय सर्ज प्रोटेक्टर निव्वळ शोभेचा.

कॅमेरा दिवसरात्र आठ ठिकाणी फिरता ठेवला होता. आता मोटर कुरकुरते आणि जागा चुकते.
– पेट्रोल पंप, सोलापूर रस्ता

अखंड फिरण्याने पट्टा आणि फिरत्या भागाला वीज पोचवणारी स्लिप रिंग झिजतात. शिवाय फिरत असताना मोशन अलार्म एक तर खोटा वाजतो किंवा बंदच ठेवावा लागतो. दुरुस्तीनंतर तीन-चारच जागा ठेवा, प्रत्येकीवर किमान अर्धा मिनिट थांबा आणि फिरणं रात्रीपुरतं. दिवसा कॅमेरा नोझलकडे स्थिर राहू द्या. 'पार्क अ‍ॅक्शन' ६० सेकंदांवर लावा: कोणी हाताने फिरवून तसाच सोडला तर मिनिटाने तो आपल्या जागी परत येतो. वीज परत आल्यावर जुन्या जागी जाण्याची सोय वेगळ्या पानावर असते, तीही चालू करा.

शेजारच्या इमारतीची तक्रार आहे की कॅमेरा त्यांच्या खिडक्यांत जातो. आम्ही बघत नाही हे त्यांना कसं पटवावं?
– अध्यक्ष, गृहनिर्माण संस्था, ठाणे

पटवू नका, कॅमेऱ्यालाच बघता येणार नाही असं करा. खाजगी क्षणी स्त्रीला चोरून बघणं किंवा चित्रित करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे हा केवळ शेजारधर्माचा प्रश्न नाही. आधी डाव्या-उजव्या आणि वरच्या मर्यादा लावा, म्हणजे कॅमेरा तिकडे वळणारच नाही. फाटकासाठी वळावं लागत असेल तर प्रायव्हसी मास्क, म्हणजे चित्राचा तेवढा भाग झाकणारा चौकोन, आखा. मास्क खिडकीपेक्षा थोडा मोठा आखा, कारण वेगाने फिरताना तो चित्राच्या किंचित मागे राहतो. पूर्ण झूम करून आणि पूर्ण उघडून, दोन्ही वेळा तपासा. मास्क कॅमेऱ्यातच लागत असल्याने रेकॉर्डिंगमध्येही काळा चौकोनच येतो आणि नंतर काढता येत नाही. शेजाऱ्यांना बोलावून ते रेकॉर्डिंग दाखवा. कॅमेरा कधी फॅक्टरी रीसेट केलात तर मास्क आणि मर्यादा दोन्ही पुसल्या जातात, त्या परत लावल्याशिवाय चालू करू नका.